मांडवाची सुरगाठ

आमच्या रायपुरात लग्नसराई आणि अंधड एकाच हंगामात येतात. एप्रिल-मे लागला की पारा ४२-४३ अंशांवर जाऊन बसतो. दुपारभर रस्ते ओस पडतात. मग एखाद्या दिवशी चार-साडेचारच्या सुमाराला आभाळ एका बाजूने काळवंडतं, वारा अगदी पडतो, झाडाचं पानही हलत नाही. नवख्या माणसाला वाटतं, चला, जरा सावली आली! जुनी माणसं मात्र अंगणातले कपडे गोळा करायला धावतात. कारण थोड्याच वेळात धुळीचा लोट घेऊन अंधड येऊन थडकणार असतं. धूळ, वारा, विजा आणि शेवटी चार टपोरे थेंब, सगळं त्या एका शब्दात आलं.

मी मूळची साताऱ्याची. १९८९ साली लग्न होऊन इथे आले, तेव्हा रायपूर मध्य प्रदेशात होतं. छत्तीसगड राज्य झालं ते १ नोव्हेंबर २००० रोजी. सासर तात्यापारा भागातलं. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे भास्करपंत या मुलखावर चालून आले, आणि पुढच्या काळात त्यांच्यामागोमाग मराठी घरं इथे रुजत गेली. आमच्याकडची माणसं अजूनही घरात मराठी, दारात हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगडी बोलतात. लग्न मात्र मराठी पद्धतीचं. मुहूर्तमेढ, हळद, ग्रहमख सगळं साग्रसंगीत, आणि तेही घरच्या अंगणात मांडव घालून.

गोष्ट १९९६ च्या मे महिन्यातली. माझ्या धाकट्या नणंदेचं लग्न होतं. सासरे नुकतेच रेल्वेतून निवृत्त झाले होते. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणत असू. मांडवाचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. टेंट हाऊसची माणसं सामान घेऊन आली, पण गाठी मारल्या त्या अण्णांनी. "माझी निरगाठ आहे. वारा काय, हत्ती आला तरी सुटायची नाही," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवत.

मांडव म्हणजे एक भली मोठी निळी प्लास्टिकची ताडपत्री. तिची एक कड पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीच्या कठड्याला बांधलेली, दुसरी कड कुंपणाजवळ उभ्या केलेल्या लोखंडी पाइपांना. रस्त्यावरच्यांच्या नजरा नकोत म्हणून दोन्ही अंगांना कनाती लावलेल्या. समोरची बाजू तेवढी मोकळी. आम्हा बायकांना तो मांडव फार आवडला होता. घट्ट, सुबक, कुठे सुरकुती नाही.

हळदीच्या दिवशी पाच वाजत आले होते. सासूबाई आणि आत्येसासूबाई मांडवात बसून रुखवताचं आवरत होत्या. धूळ दिसली तशी आम्ही त्यांना हाताला धरून आत आणलं, आणि तेवढ्यात मांडव फुगला. एखादं पोतं तोंड उघडून वाऱ्यात धरावं तसा. पाठीमागे घराची भिंत, दोन्ही बाजूंना कनाती, वारा जाणार कुठे? त्याने छत वर उचललं. टेंट हाऊसचा सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा कोपऱ्यावरचा दोर धरून उभा होता. अण्णा गॅलरीतून ओरडत होते, "छोडना मत! पकड के रख!"

त्या पोराने सोडलं नाही. खुंटी उपटून आली आणि तो दोरासकट वर उचलला गेला, तो बाजूच्या फरशीवर आपटला. उजवा हात कोपराजवळ मोडला. गॅलरीच्या कठड्याचा एक तुकडा निखळून खाली आला. एक पाइप पडला तो नेमका सासूबाई बसल्या होत्या त्या पाटावर. पाटाचे दोन तुकडे झाले.

अण्णांच्या निरगाठी मात्र एकही सुटली नव्हती.

लग्न झालं. पाहुणे गेले. अण्णांनी त्या मुलाच्या दवाखान्याचा सगळा खर्च केला, रोज संध्याकाळी डबा घेऊन ते स्वतः जात. घरी आले की गप्प असत. एकदा जेवताना घास तसाच ठेवून म्हणाले, "तो सोडणार होता गं. मीच नको म्हणालो." यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

त्याच संध्याकाळी आमच्या मागच्या गल्लीतही एक लग्न होतं, छत्तीसगडी घरातलं. त्यांच्या अंगणात हिरव्या बांबूंचा मडवा होता, वर जांभळीच्या डहाळ्या टाकलेल्या. मला वाटलं, आमचे लोखंडी पाइप आडवे झाले तिथे त्या काटक्यांचं काय झालं असेल! दुसऱ्या दिवशी पाहिलं तर अंगणभर पानांचा सडा होता, पण मडवा उभा. तिथल्या म्हाताऱ्या ककांना मी विचारलं, तेव्हा ते हसून म्हणाले, "हवा ल रद्दा दे बर परथे, बहू." वाऱ्याला वाट द्यावी लागते, सूनबाई.

अण्णांनी ते वाक्य मनावर घेतलं. त्यानंतर नात्यात कुठेही मांडव पडायचा असला की ते काठी टेकत आधी तिथे हजर. वहीत आकडे लिहीत, लोकांना समजावून सांगत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो, हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं. पंधरा बाय पंधरा फुटांची ताडपत्री घ्या. ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्यासमोर ती शिडासारखी उभी राहिली तर तिच्यावर साधारण ९० किलोंचा दाब येतो. वारा ६० चा झाला की तोच दाब साडेतीनशे किलोंवर जातो. आता सांगा, एक कोवळा मुलगा दोर धरून काय करणार? उपयोग कशाचा, तर वारा तिच्यात भरू न देण्याचा.

अण्णा २०११ मध्ये गेले. त्यांची वही माझ्याकडे आहे.

पुढे २०१९ च्या जूनमध्ये माझे इंग्लंडमधले दीर रायपूरला आले होते. तिकडे मोटारीच्या मागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर असतं, कॅरॅव्हॅन म्हणतात त्याला. मुक्कामाला पोचलं की त्याच्या एका अंगाला कापडी मांडव लावायचा, म्हणजे तेवढीच पडवी. एक कड गाडीला, दुसरी खांबांना. मी म्हटलं, "म्हणजे आपला १९९६ चा मांडवच की!" ते हसले, पण मग त्यांनी सांगितलं ते मला थेट अण्णांच्या वहीतलं वाटलं. तिथले लोक छतावरून एक रुंद पट्टा आडवा घेऊन दोन्हीकडे जमिनीत खिळवतात, दोराला रबराची कडी लावतात, गाडीच्या खालून वारा शिरू नये म्हणून तिथे पडदा लावतात. आणि वाऱ्याचा इशारा आला की शहाणा माणूस मांडव काढून आत ठेवतो. "त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही, वहिनी," दीर म्हणाले.

ते इथे असतानाच २३ जूनला राजस्थानात बाडमेर जिल्ह्यातल्या जसोल गावची बातमी आली. रामकथा चालू असताना वादळी वारा आला, मोठा मंडप उचलला जाऊन श्रोत्यांवर कोसळला, आणि किमान १४ माणसं गेली. लोखंडी सांगाड्यात वीज उतरल्यानेही माणसं दगावल्याचं सांगत होते. टीव्ही बंद करून आम्ही बराच वेळ बसून राहिलो. मला तो फुटलेला पाट आठवत होता.

म्हणून २०२५ च्या मे महिन्यात माझ्या लेकीचं लग्न ठरलं, तेव्हा साड्या-दागिने मी जावेवर सोपवले आणि मांडव माझ्याकडे घेतला. आमचे हे म्हणाले, "अगं, टेंटवाला बघेल ना!" म्हटलं, "अहो, टेंटवाला तोच आहे. आणि त्यालाही मीच हवी आहे."

खरंच तोच होता. १९९६ चा तो मुलगा. त्याचा हात बरा झाला, पण कोपरातून पुरता सरळ होत नाही. अण्णांनी ओळखीपाळखीने त्याला पुढे कामं मिळवून दिली, आज त्याचं स्वतःचं छोटं दुकान आहे. दर दिवाळीला तो आमच्याकडे येतो आणि अण्णांच्या फोटोपुढे उभा राहतो.

आम्ही दोघांनी अण्णांची वही पुढे घेऊन मांडव ठरवला. वाचकहो, तुमच्या घरीही उद्या कार्य निघेल, म्हणून काय केलं ते जरा नीट सांगते.

पहिलं म्हणजे सगळ्या अंगणावर ताडपत्री घातलीच नाही. बांबूंवर शेतात वापरतात ती हिरवी जाळी ताणली आणि वर आंब्याच्या, जांभळीच्या डहाळ्या. सावली पुरेशी, आणि वारा जाळीतून निघून जातो. ककांच्या मडव्याचंच हे नवं रूप. फक्त हळदीच्या जागेवर, पावसाचे थेंब नकोत म्हणून, पंधरा बाय पंधराची ताडपत्री घातली.

ती सपाट बांधली नाही. घराकडची कड उंच, बाहेरची चांगली दोन-अडीच फूट खाली. उतार नसला तर पाण्याचं तळं साचतं. शंभर चौरस फुटांवर एक इंच पाणी म्हणजे सव्वादोनशे किलोंहून जास्त वजन होतं. शिवाय ताडपत्री ढिली ठेवून चालत नाही. ढिलं कापड फडफडतं, आणि प्रत्येक फडफडीला दोराला हिसका बसतो. सतत ओढीपेक्षा हिसक्यानेच गाठी सैलावतात आणि खुंट्या उपटतात. म्हणून कापड ताणून, पण दोर आणि कापड यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बांधून. हिसका ट्यूब खाते, कापड वाचतं. दिरांची रबराची कडी ती हीच!

कापड फाटतं ते नेहमी काठाच्या कडीपाशी. तिथे आम्ही जुनी युक्ती केली. कोपऱ्यात लिंबाएवढा गुळगुळीत गोटा ठेवायचा, त्यावर कापड ओढून घेऊन मागून दोर आवळायचा. मग ओढ एका भोकावर न येता सगळ्या कोपऱ्यावर येते.

खुंट्यांची गोष्ट तर मातीवर ठरते. आमच्याकडे मातीला नावं आहेत. भाठा म्हणजे मुरमाड, तिच्यात खुंटी शिरता शिरत नाही, पण शिरली की धरते. कन्हार म्हणजे काळी, चिकण. ती कोरडी असताना दगड, आणि पाऊस पडला की लोणी. तिच्यात खुंटी लांब हवी, आणि एकामागे एक अशा दोन. खुंटी सरळ ठोकू नये. तिचं डोकं मांडवापासून बाहेरच्या बाजूला कललेलं हवं, म्हणजे दोर ओढला गेला तरी ती वर सरकत नाही. आणि खांब जेवढा उंच, साधारण तेवढ्याच अंतरावर खुंटी. या दोरांना आपल्या भाषेत तणावे म्हणतात, किती नेमका शब्द! चारही दिशांना तणावे हवेत. अंधडाची दिशा ठरलेली नसते. ढगातली पावसाने गार झालेली जड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. म्हणून तर पावसाच्या आधी वारा येतो, आणि ढग असेल त्या बाजूने येतो.

आमच्या अर्ध्या अंगणात आता फरशी आहे, तिथे खुंटी ठोकणार कशी? तिथे २०० लिटरचे प्लास्टिकचे पिंप पाण्याने भरून खांबांच्या पायाशी ठेवले. एक पिंप म्हणजे २०० किलो. कार्य संपलं की पाणी बागेला.

गॅलरीच्या कठड्याला, कुंपणाच्या फाटकाला, पाण्याच्या टाकीला काही बांधलं नाही. विजेच्या खांबाला तर नाहीच. घरात येणारी विजेची तार जिथून जाते त्या बाजूला लोखंडी पाइप उभाच केला नाही, बांबू लावले. मांडवातल्या दिव्यांचं एकच बटण ठेवलं, घराच्या आत.

कनाती लावल्या, पण अशा की वरची दोरी ओढली की खाली पडाव्यात. तीन बाजू बंद आणि एक उघडी हे सगळ्यांत वाईट, ते आम्ही भोगलं होतं. वारा सुटला की आधी कनाती खाली, मग छत.

आणि शेवटी गाठ. ताडपत्रीच्या बाहेरच्या काठाचा दोर खुंटीला दोन वेढे देऊन, वर सुरगाठ. निरगाठ नाही. वेढे ओढ सांभाळतात, सुरगाठ फक्त वेढे जागेवर ठेवते. ती आपण होऊन सुटत नाही, पण शेंडा ओढला की एका झटक्यात मोकळी होते.

हळदीच्या दिवशी सकाळपासून मी फोनवर हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा अंदाज बघत होते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेलं 'दामिनी' लेकीने आधीच फोनवर घालून दिलं होतं, ते आसपास वीज असेल तर इशारा देतं. साडेतीनला पश्चिमेकडे ढग चढू लागला. चारला वारा पडला. पान हलेना.

लेक पाटावर बसलेली, अंगाला अर्धी हळद लागलेली. बायकांची गाणी रंगात आलेली. मी उठून म्हटलं, "सगळ्यांनी आत चला. ताडपत्री उतरवायची आहे."

एकदम शांतता. मग कुजबुज. आमच्या आत्या म्हणाल्या, "अगं, हळदीचा मांडव उतरवतेस? अपशकुन की काय हा?"

"आत्या, मांडव आहे तसाच आहे. मुहूर्तमेढ उभी आहे, जाळी आहे, डहाळ्या आहेत. ताडपत्री फक्त खाली घेतो. हळद आत बैठकीत लावू. तिला कुठे कळतंय आपण कुठे बसलोय!"

कोणी हसलं, कोणी नाक मुरडलं. पण सगळ्या आत गेल्या. टेंटवाल्या भैयांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. त्यांनी कनाती पाडल्या आणि डाव्या हाताने एकेक शेंडा ओढत गेले. दोन मिनिटांत ताडपत्री घडी होऊन जमिनीवर, तिच्यावर दोन विटा. मी दिव्यांचं बटण बंद केलं आणि त्यांच्या पोरांनाही आत घेतलं, एकालाही दोरापाशी राहू दिलं नाही.

आणि अंधड? ते आलंच नाही! म्हणजे आलं, पण बाजूने निघून गेलं. थोडी धूळ उडाली, चार पानं पडली, चार थेंब आले. अर्ध्या तासात ऊन पडलं. मग काय, सगळ्यांनी माझी यथेच्छ थट्टा केली. "वहिनींनी वाऱ्याला नुसतं डोळे वटारून परत पाठवलं," कोणीतरी म्हणालं. आमचे हेसुद्धा मिशीत हसत होते. खरं सांगते, मलाही क्षणभर ओशाळल्यासारखं झालं.

पडवीच्या पायरीवर टेंटवाले भैया चहा पीत बसले होते. मी म्हटलं, "भैया, बेकार में उतरवाया ना?"

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "नहीं भाभी. अण्णाजी होते तो आधा घंटा पहले खुलवा देते." मग उठले, ताडपत्री झटकली आणि आपल्या पोरांना हाक मारून पुन्हा दोर बांधायला लागले. दोन वेढे, वर सुरगाठ. हळदीचा उरलेला अर्धा भाग लेकीला मांडवातच लागला.

तेव्हा वाचकहो, तुमच्याकडे कार्य असेल तर आचारी, भटजी, वाजंत्री ठरवताना आणखी एक माणूस ठरवा. ढग दिसला की "सोड" म्हणायचं काम त्याचं. तो शब्द म्हटल्यावर वारा आला नाही आणि लोक हसले, तर त्यांना हसू द्यावं. आमच्या घरात एकदा "सोडू नकोस" म्हटलं गेलं होतं. त्याचं दुःख अण्णा पंधरा वर्षं उराशी बाळगून होते, आणि त्या मुलाचा हात आजही सरळ होत नाही.